कॅसेट तुमची, बुरशी माझी?

कुर्डुवाडीतल्या आणि कुर्डुवाडी सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या तमाम जुन्या गिऱ्हाइकांना,



गेल्या महिन्यात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरला. आईवडिलांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला दाखवायची म्हणून कुणीतरी माळ्यावरची कॅसेट काढली, तर फितीवर पांढरी बुरशी. खाली शेरा : ‘आमच्या गावच्या व्हिडिओवाल्यानं त्या काळात पैसे मोजून घेतले आणि असला माल गळ्यात मारला.’ नाव घातलेलं नाही. पण कुर्डुवाडीत व्हिडिओवाला म्हटलं की बोट कुणाच्या दुकानाकडे जातं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. त्याला एकट्याला उत्तर द्यायचं तर फोन पुरला असता. पण त्या मजकुराखाली तुम्ही भराभर अंगठे दाखवलेत. ज्यांच्या मांडवात मी पहिल्या पंगतीला जेवलो, त्यांचेही अंगठे त्यात आहेत. म्हणून पत्र सगळ्यांना.

धंदा बुडाल्याचं रडगाणं गायला बसलेलो नाही. धंदे बुडतात. आज त्याच गाळ्यात झेरॉक्सचं मशीन आहे, मोबाइलची कव्हरं लटकलेली आहेत आणि दोन वेळची भाकरी सुटते. पण बुरशीचं खापर माझ्या माथी मारता, तर हिशेब सगळाच काढू.

१९८२ साली एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआरही सगळीकडे पसरले. जपानात त्याआधीच भांडण जुंपलं होतं. सोनीनं १९७५ साली बीटामॅक्स काढला, पुढच्याच वर्षी जेव्हीसीनं व्हीएचएस. बीटाचं चित्र थोडं उजवं, कॅसेटही सुटसुटीत. पण पहिली बीटा कॅसेट तासाभरात संपायची आणि व्हीएचएस दोन तास चालायची. शिवाय जेव्हीसीनं इतर कंपन्यांनाही ती यंत्रं बनवू दिली. १९८८ साली खुद्द सोनीला व्हीएचएस यंत्रं काढावी लागली. तुम्हाला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. ई-१८० नावाच्या कॅसेटमध्ये तीन तास मावायचे आणि तीन तासांत अख्खा हिंदी पिक्चर, गाण्यांसकट. मुंबईत शेमारूनं पुस्तकांच्या वाचनालयाला जोडून १९७९ सालीच कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे ते वारं पोचायला थोडी वर्षं लागली, इतकंच.

आठवतंय का, कसं चालायचं ते? टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, एका रात्रीसाठी. डिपॉझिट वेगळं. सोबत माझा पोरगा, कारण यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही ही अट. एका घरानं पैसे भरायचे आणि अख्ख्या गल्लीनं ओसरीवर, खिडकीत, उंबऱ्यावर बसून बघायचं. पहिला पिक्चर मारामारीचा, दुसरा बायकांसाठी, तिसरा सुरू होईपर्यंत अर्धी गल्ली झोपलेली. पण पैसे तिन्हीचे दिलेत म्हणून घरमालक डोळे ताणून बसलेला. लऊळ, भोसरे, माढ्याकडच्या वस्त्यांवर जत्रेला सामान ट्रॅक्टरमधून जायचं, जनरेटरसकट. मध्येच लाइट गेली की कॅसेट आत अडकायची. फीत तेव्हा आतल्या गोल हेडला गुंडाळलेली असते, लाइट आल्याशिवाय ती सुटत नाही. पण तुम्हाला कुठला धीर? चिमट्यानं, चमच्यानं, एकानं तर चक्क उलथन्यानं कॅसेट ओढून काढली. सकाळी माझ्याकडे यायची ती चुरगळलेली फीत आणि वर ऐकवायचं, ‘मालक, कॅसेट खराब होती तुमची.’ तेव्हाही मी काही बोललो नाही.

रेल्वे कॉलनीचं तंत्र निराळं. रात्रभर गाडी हाकून आलेले ड्रायव्हर, गार्ड दुपारी पिक्चर लावायचे. पोरं शाळेत, दारं लावलेली, आवाज बारीक. त्यांच्या ड्युटीप्रमाणे माझ्या वहीतली परतीची वेळ ठरायची. ‘दौंडहून आलो की देतो,’ म्हणायचे आणि देतही असत. रेल्वेचा माणूस वेळ पाळतो, हे मी धंद्यात शिकलो. कॉलनीतल्या तेलुगू घरांसाठी मी सोलापूरच्या पूर्व भागातून कॅसेट आणून देत असे. त्या भागात पद्मशाली मंडळींची वस्ती मोठी, तिथे तेलुगू पिक्चर हमखास मिळायचा. अशी सेवा कुणी केली होती का तुमची? असो.

आणि ‘माहेरची साडी’. १९९१ साली पिक्चर आला, मागाहून कॅसेट. ती कॅसेट माझ्याकडे परत येईना, आली की तासाभरात दुसऱ्या घरी. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी तेव्हा कुणी विचारली नाही. व्हीसीआरमधलं हेड मिनिटाला दीड हजार फेरे घेतं. तुम्ही चित्र थांबवता तेव्हा फीत थांबते, हेड थांबत नाही. ते एकाच जागेवर घासत राहतं. त्यामुळे जो सीन लोक थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघतात, तिथेच फीत आधी झिजते आणि पडद्यावर मुंग्या येतात. ‘माहेरची साडी’ कुठे झिजली होती आणि ‘अशी ही बनवाबनवी’ कुठे, हे मला तुमच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. कोणत्या मिनिटाला रडलात आणि कोणत्या मिनिटाला लोळलात, ते मी फीत बघून सांगितलं असतं.

मग केबल आली. १९९२ साली झी टीव्ही सुरू झाला आणि गच्च्यांवर तबकड्या उगवल्या. पण मला मारलं ते झीनं नाही. केबलवाल्यानं स्वतःच्या खोलीत एक व्हीसीआर ठेवला आणि एक कॅसेट अख्ख्या गावाला दाखवायला सुरुवात केली. जी कॅसेट मी पन्नास घरांत फिरवली असती, ती त्यानं एका रात्रीत सगळ्या घरांत पोचवली. तुम्ही निघून गेलात. जाताना कुणी सांगितलंही नाही. त्याचा राग नाही, स्वस्त मिळतंय तिकडे माणूस जाणारच. पुढे व्हीसीडी आली, चपटी, चकचकीत. एका तबकडीत चौऱ्याहत्तर मिनिटं, म्हणून पिक्चरच्या दोन किंवा तीन तबकड्या. चित्र काही व्हीएचएसपेक्षा फार सरस नव्हतं. पण आमच्याकडे कॅसेटवरून कॅसेट केली की रंग फिके पडायचे, कॉपीची कॉपी केली की नटाचा चेहरा ओळखू यायचा नाही. व्हीसीडीची शंभरावी कॉपी पहिलीसारखीच निघायची. २००७ साली मोझर बेअर कंपनीनं अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी विकायला काढली तेव्हा मी रॅक मोडून भंगारात घातला. अठ्ठावीस रुपयांत कायमचा पिक्चर मिळत असेल तर भाड्यानं कोण नेणार? आता ती व्हीसीडीही नाही आणि २०१८ साली ती कंपनीही दिवाळखोरीत मोडीत निघाली. माझ्यानंतर आलेला धंदा माझ्यापेक्षा लवकर गेला, याचा आनंद मानावा इतका मी कोता नाही. थोडासा मात्र झाला.

हे सगळं पचवलं. आता लग्नाकडे येतो, कारण मजकूर लग्नाच्या कॅसेटचा आहे.

पिक्चरचं भाडं घटलं तसा मी खांद्यावर कॅमेरा घेतला. तुमच्यापैकी कितीजणांची लग्नं मी काढली, ते तुम्हीच आठवा. हॅलोजन धरणारा पोरगा, मागे वायर सांभाळणारा दुसरा, मांडवात अगोदरच मे महिना आणि त्यात तो दिवा. नवरी घामानं निथळतेय, काजळ ओघळतंय आणि मामा मला सांगताहेत, ‘जवळून घ्या, जवळून घ्या.’ शेवटच्या मंगलाष्टकाला नेमका कुणाचातरी फेटा कॅमेऱ्यासमोर. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला. त्याची व्हिडिओ कॅसेट राजश्रीवाल्यांनी लवकर बाहेर काढली नाही, लोकांनी थिएटरात यावं म्हणून. पण कॅसेट न निघालेला तो पिक्चर तुमच्या प्रत्येकाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये शिरला. बूट लपवताना तेच गाणं, जेवणाच्या पंगतीला तेच, सासरी निघताना तेच. ‘मालक, गाणं त्याचंच टाका.’ टाकलं. गुलाबाच्या पाकळ्या पाहिजेत, टाकल्या. बदामात नवरा-नवरी पाहिजेत, तेही केलं. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून रात्र रात्र मिक्सिंग केलं. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट मी मास्टर म्हणून वेगळी ठेवायला सांगायचो. त्यावर तुमचं उत्तर : ‘कोरी कॅसेट महाग हाय की मालक, त्याच्यावरच पुढचं काढा.’

आणि ती खाच. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला डाव्या कोपऱ्यात एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. तुमच्या हातात कॅसेट देण्याआधी ती पट्टी मी स्वतः स्क्रूड्रायव्हरनं मोडत असे, तुमच्यासमोर, आणि सांगत असे की आता हे लग्न कुणाला पुसता यायचं नाही. तुम्ही घरी जाऊन त्या भोकावर चिकटपट्टी लावलीत. एक कॅसेट माझ्याकडे परत आली, ‘मधलं दिसत नाही, बघा जरा’ म्हणून. मी लावली. नवरी आईच्या गळ्यात पडलेली, मोठ्यानं रडतेय, गाणं चालू आहे आणि एकदम ईडन गार्डन. १३ मार्च १९९६, विश्वचषकाची उपान्त्य फेरी, श्रीलंकेविरुद्ध. खेळ थांबलेला, बाटल्या पडताहेत आणि मैदानातून बाहेर येताना रडतोय विनोद कांबळी. मॅच संपल्यावर पुन्हा लग्न, पण तोवर नवरी गाडीत बसून गेलेली. घरातल्या कुणी चिकटपट्टी लावली, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पाव्हण्यांचं घर आहे, नवऱ्या मुलाकडचंच कुणी असणार.

आता बुरशी. प्रत्येक कॅसेटबरोबर मी तोंडी सांगत आलो : उभी ठेवा, डब्यात ठेवा, कोरड्या जागी ठेवा आणि वर्षातून एकदा तरी पूर्ण पुढे-मागे फिरवा. कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून जास्त फीत असते, अर्धा इंच रुंद, आणि तिच्यावरचं लोहाच्या ऑक्साइडचं लेपण प्लॅस्टिकला एका चिकट थरानं धरून ठेवलेलं असतं. तो धरून राहिला तरच चित्र. तुम्ही ती पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलीत, गोधड्या आणि वाळवणाच्या डब्यांच्या मध्ये. आपल्याकडचा उन्हाळा मला सांगायला नको. मे महिन्यात त्या माळ्यावर हात ठेवून बघा, मग सांगा फितीचं काय होत असेल. वरून जून-जुलैची ओल. बुरशी ना कॅसेटच्या कंपनीनं पाठवली, ना मी.

आणि एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

ज्या ग्रुपवर माझी निंदा झाली, त्याच ग्रुपवर दर आठ दिवसांनी तुम्ही नॅरोगेजचा फोटो टाकता. जुनं वाफेचं इंजिन, अडीच फुटी रूळ, खाली ‘गेले ते दिवस’. मग सगळेजण गळा काढतात. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हा आपल्या स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. ती गाडी बार्शीला गेली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेला. २००८ साली लातूरकडचं रुंदीकरण कुर्डुवाडीपर्यंत आलं आणि तिकडची छोटी गाडी संपली. वाईट मलाही वाटलं. पण रेल्वेनं रूळ बदलले तेव्हा तुम्हाला नव्या गाडीत बसवलं की नाही? फलाट बदलला, माणसं सामानासकट पलीकडे गेली. कॅसेटचा गेज बदलला तेव्हा तुम्ही एकटेच पलीकडे गेलात, सामान जुन्या फलाटावर टाकून. व्हीसीडी आली तेव्हा मी दुकानावर पाटी लावली होती : ‘लग्न, मुंज, वाढदिवसाच्या कॅसेटची सीडी करून मिळेल.’ पाटीवर धूळ बसली. जे दोन-चारजण आले, ते कॅसेट देऊन गेले आणि सीडी न्यायला आलेच नाहीत. त्या कॅसेट अजून माझ्याकडे आहेत.

त्यांतली एक मी गेल्या उन्हाळ्यात लावून बघितली. सुरुवातीलाच कुर्डुवाडी स्टेशन. बार्शीकडून छोटी गाडी येतेय, डबे हलताहेत, खिडकीतून लुगड्यांचे पदर बाहेर. वऱ्हाड उतरतंय. टोपीवाले आजोबा आधी ट्रंक खाली देतात, मग स्वतः उतरतात, उतरताना कॅमेऱ्याकडे बघतात आणि लाजून उपरणं नीट करतात. तुम्ही ग्रुपवर जो फोटो टाकता तो कुणीतरी कुठूनतरी उचललेला, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. तुमचा स्वतःचा आजा त्याच गाडीतून हलत-बोलत उतरतोय, माझ्या कपाटात. आणि त्याची चौकशी करायला वीस-पंचवीस वर्षांत घरचं कुणी आलं नाही.

पिक्चरची काळजी करू नका. ‘बनवाबनवी’ तुमच्या मोबाइलवर हवी तेव्हा लागते. पुण्यात १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते जुने पिक्चर सांभाळतं. तुमच्या आजोबांना सांभाळणारं संग्रहालय कुठे नाही. १९८४ सालच्या दुरुस्तीनंतर पिक्चरच्या प्रत्येक कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता छापणं कायद्यानं बंधनकारक झालं. आमच्या धंद्यात तो कायदा कितपत पाळला जायचा तो विषय वेगळा. पण तुमच्या कॅसेटवर काय आहे? बॉलपेननं लिहिलेलं ‘लग्न’. दुसरीवर ‘लग्न २’. एकीवर नुसतं ‘दादा’. कोणाचा दादा?

जे काही अजून होऊ शकतं, ते सांगतो. माझ्याकडे एक फुनाई चालू आहे. बाकीची यंत्रं मी तिच्यासाठी उघडून ठेवली आहेत, कुणाचा बेल्ट, कुणाचा रोलर. जगात अगदी शेवटपर्यंत व्हीएचएस यंत्र बनवत राहिली ती हीच कंपनी. जुलै २०१६ मध्ये तिनंही बंद केलं, सुटे भागच मिळेनात म्हणून. आदल्या वर्षीही साडेसात लाख यंत्रं विकली होती बिचारीनं. तेव्हा हे हेड गेलं की संपलं. दर कॅसेटआधी ते स्पिरिट आणि शामी कापडानं पुसावं लागतं, बोट हलवायचं नाही, कापड धरून हेड हातानं फिरवायचं, आडवं. उभं पुसलं की हेड मोडतं. कापसानं पुसाल तर धागे अडकतात. बुरशी लागलेली फीत लावली तर बुरशी हेडवर येते आणि पुढच्या कॅसेटला लागते, म्हणून तसल्या कॅसेट आधी उघडून फीत कोरड्या मऊ कापडातून हातानं ओढून घ्यावी लागते. अडीचशे मीटर. आणि घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीन तासच लागतात, ज्या वेगानं लग्न लागलं त्याच वेगानं. झेरॉक्ससारखं बटण दाबलं आणि झालं, असं नसतं ते.

ज्यानं मजकूर लिहिला त्याचीही कॅसेट मी करून देईन. बुरशीनं सगळं खाल्लेलं नसतं, कडेचं खाते, मधलं पुष्कळदा निघतं. पैसे घेईन, बाकीच्यांकडून घेईन तेवढेच.

दिवाळीनंतर मला हे कपाट रिकामं करायचंय, गाळ्याचा तो भाग भाड्यानं जाणार आहे. ज्यांच्या कॅसेट माझ्याकडे पडून आहेत त्यांनी त्याआधी यावं. येताना घरातलं वयस्कर माणूस सोबत आणा आणि तीन तास बसायची तयारी ठेवा. नुसतं नातवाला पाठवू नका. पडद्यावर कोण कोण आहे ते त्याला सांगता येणार नाही आणि मी ती लग्नं काढली असली तरी तुमच्या आत्या, मावश्या, मेव्हण्यांची नावं मला कुठून ठाऊक? फोन करून या, दुपारी दोननंतर. सोमवारी दुकान बंद असतं.

कळावे, लोभ होता तेवढा तरी असावा.

आपला,
व्हिडिओवाला, कुर्डुवाडी